समोरून ऊन, मध्ये थेंब : पाण्याच्या थेंबांच्या फोटोंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्तिक लागला की माझ्या फोनवर थेंबांचे फोटो यायला लागतात आणि प्रत्येक फोटोच्या शेपटाला एक प्रश्न असतो. तेच ते फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. माझा सगळा सराव जळगाव-भुसावळ-यावल पट्ट्यातला, थोडा अमळनेर-धुळ्याकडचा: घराचा ओटा, परस, ओळखीच्यांची केळी. कोकणातल्या माणसाला यातलं बरंचसं लागू पडणार नाही, कारण आपली हवा कोरडी आहे. खालचे काही प्रश्न त्या कोरडेपणातूनच आले आहेत.

१. थेंबाचा फोटो सूर्याकडे तोंड करूनच का काढायचा? आम्हाला तर सूर्य पाठीशी ठेवायला शिकवलंय.

सूर्य पाठीशी ठेवायचा नियम माणसांसाठी आणि देवळांसाठी ठीक आहे. थेंब पारदर्शक असतो. तुमच्या बाजूने ऊन पडलं की ते थेंबातून आरपार जाऊन पानावर सांडतं आणि तुम्हाला वर एक पांढरा ठिपका तेवढा मिळतो. ऊन मागून आलं तर थेंब भिंगासारखं काम करतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे मधोमध उजेड एकवटतो आणि कड गडद राहते. त्या गडद कडेमुळेच थेंब गोल दिसतो.

मात्र सूर्य अगदी थेंबाच्या पाठीमागे नको. थोडा वर किंवा बाजूला, चौकटीच्या बाहेर असू द्या, आणि थेंबामागची जागा सावलीतली निवडा. केळीच्या बागेचा आतला अंधार, विहिरीचा काठ, उघड्या दाराआडची काळोखी खोली, काहीही चालेल. लोक थेंब शोधण्यात सकाळ घालवतात. मी आधी अंधार शोधतो, मग त्याच्यासमोर थेंब. थेंब कुठेही मिळतो, नाही मिळाला तर टाकता येतो.

२. आपल्याकडे दव पडतं तरी कधी? पहाटे दोनदा गेलो, दोन्ही वेळा पानं कोरडी.

आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि आदल्या दिवशी शेताला पाणी दिलेलं, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर कार्तिकापासून माघापर्यंत दव मिळतं. ढगाळ रात्री जमिनीची उष्णता वर निघून जात नाही, पानं पुरेशी थंड होत नाहीत, मग दवही नाही. वारा असला तरी तेच. म्हणून रात्री झोपण्याआधी बाहेर येऊन बघा: चांदण्या लख्ख आणि झाडाचं पान हलत नसेल तर गजर लावा.

कोरडवाहू कपाशीपेक्षा ओलिताचा गहू, हरभरा, केळी आणि तापी-गिरणेच्या काठची शेतं भरवशाची. पाटणादेवीसारख्या डोंगराच्या कुशीतल्या जागी ऊन उशिरा पोचतं, तिथे दव जास्त वेळ टिकतं. यावल-रावेरकडे सातपुडा उत्तरेला असल्यामुळे आग्नेयेकडून उगवणारा हिवाळी सूर्य अडत नाही. तिथे उजेड लवकर मिळतो आणि दवही लवकर उडतं.

३. पानाच्या टोकावर एकच मोठा थेंब असतो आणि बाकी पान कोरडं. हेही दवच ना?

नाही. ते झाडाने स्वतःच बाहेर टाकलेलं पाणी. रात्री जमीन ओली असते, मुळं पाणी ओढत राहतात, पण पानांतून बाष्प फारसं निघत नाही. मग पानाच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रांतून पाणी थेंबाथेंबाने बाहेर येतं. गहू, ज्वारी, गवत आणि केळीवर हे सहज दिसतं. दव पानभर बारीक पसरतं, हे थेंब टोकावर किंवा कडेने ओळीत बसतात.

फोटोसाठी मला हेच जास्त आवडतात, कारण एकटा, टपोरा आणि लोंबता थेंब तिथेच मिळतो. दव नसलेल्या सकाळीही हे सापडतात. ठिबकवरचं शेत असेल तर नक्की बघा.

४. नेमकी वेळ कोणती?

जानेवारीत जळगावला सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांनी उगवतो, नंदुरबारला आणखी पाच-सहा मिनिटांनी. पहिल्या तासात तो साधारण बारा-तेरा अंश वर येतो. कामाचा तास तेवढाच. त्यानंतर ऊन वरून पडू लागतं, तुम्हाला खाली वाकून वर बघत फोटो घ्यावा लागतो, आणि वारा सुटतो. संध्याकाळी उजेडाचा कोन तसाच मिळतो पण दव नसतं, तेव्हा पाणी तुम्हीच टाकायचं (प्रश्न ७).

५. फक्त मोबाईल आहे. जमेल का?

जमेल. तीन गोष्टी करा. लेन्स आधी सुती कापडाने पुसा, कारण उन्हाकडे धरल्यावर बोटाचा तेलकट डाग सगळा फोटो धुरकट करतो. थेंबावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड बांधला जाईल, मग सरकपट्टी खाली ओढून उजेड कमी करा. आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवा: थेंब पारदर्शक असल्यामुळे त्याची कड कुठे संपते हे फोनला कळत नाही, अर्धा थेंब तो मागच्या धूसरपणात मिसळून टाकतो.

बऱ्याच फोनमध्ये जवळ गेल्यावर आपोआप रुंद कोनाची दुसरी लेन्स चालू होते. तिने मागचा पसारा सगळा चौकटीत येतो. त्यापेक्षा थोडं मागे येऊन दुप्पट झूम करा. चिमट्याने लावायचं स्वस्त मॅक्रो भिंग चालतं, फक्त त्यात फोकसचं अंतर दोन-तीन सेंटिमीटरच असतं, तेव्हा आपलीच सावली थेंबावर पडणार नाही हे बघा. ऊन समोरून असल्यामुळे ती सहसा पडत नाही, हा एक फायदाच.

६. कॅमेऱ्याला कोणती लेन्स घेऊ?

असेल ती. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणारी लेन्स) असेल तर सुख आहे. नसेल तर साध्या ५० मिलिमीटरला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा. नवीन लेन्सचे पैसे जमेपर्यंत दोन हिवाळे जातात आणि तेवढ्यात हात बसतो.

७. स्प्रे मारला की थेंब न होता पाणी पसरतं. काय चुकतंय?

पाणी चुकत नाही, पृष्ठभाग चुकतो. मेणचट किंवा बारीक लव असलेल्या पृष्ठभागावर पाणी गोळा होतं, बाकी ठिकाणी चापट पसरतं. अळूचं पान या बाबतीत सगळ्यांचा राजा, पण त्यावरचा थेंब श्वासानेही घरंगळतो. पत्ताकोबीची बाहेरची पानं जास्त शहाणी, थेंब गोल ठेवतात आणि धरूनही ठेवतात. भरताचं वांगं, हिरवी मिरची, लिंबू यांच्यावर घुमटासारखे अर्धगोल बसतात. मात्र बाजारातून आणलेलं वांगं खसखसून धुतलंत, पुसलंत तर त्यावरचा मेणाचा पातळ थर जातो, मग पाणी पसरलंच. केळीच्या पानाची खालची, पांढुरकी भुकटी असलेली बाजू वरच्यापेक्षा चांगली.

कापसाचं बोंड हा आपल्या भागातला खास विषय. मेडिकलमधला कापूस पाणी पितो, कारण त्यावरचं नैसर्गिक मेण काढून टाकलेलं असतं. झाडावर फुटलेल्या बोंडात ते शाबूत असतं, त्यामुळे दवाचे थेंब धाग्यांवर मोत्यासारखे तरंगतात. मागून ऊन आलं की बोंड आतून पेटल्यासारखं दिसतं.

आता आकार. मोठा थेंब हवा म्हणून लोक पाणी ओततात. पण साधारण अडीच-तीन मिलिमीटरच्या पुढे पाण्याचं वजन पृष्ठताणावर मात करायला लागतं आणि थेंब वरून चपटा होतो. गोल थेंब लहानच असतो. बारीक फवाऱ्याच्या बाटलीने लांबून एकदाच फवारा, मग मुख्य थेंब इन्सुलिनच्या सिरिंजने (सुई काढून) हव्या त्या जागी ठेवा. शेतातला फवारणी पंप धुऊन वापरू नका. औषधाचा अंश राहतोच, आणि औषधात मिसळलेलं चिकटद्रव्य थेंब पसरवण्यासाठीच असतं.

८. ग्लिसरीन घालतात म्हणे. घालू का?

उन्हाळ्यात घाला. एप्रिल-मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असताना ओट्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब तुम्ही फोकस करेपर्यंत आक्रसतो. पाणी आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं केलं तर तो बराच वेळ जागचा हलत नाही. ग्लिसरीन मेडिकलमध्ये मिळतं.

फरक मात्र दिसतो. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७, म्हणून मिश्रणाचा थेंब पाण्यापेक्षा उजेड जास्त वाकवतो. तो जाडसर, थोडा सरबतासारखा वाटतो. सगळेच थेंब ग्लिसरीनचे केले की वांगं ओलं न दिसता घामाघूम दिसतं. मी मुख्य दोन-तीन थेंब ग्लिसरीनचे ठेवतो आणि भोवती साधं पाणी फवारतो.

दुसऱ्याच्या उभ्या पिकावर ते टाकू नका. चिकट राहतं, धूळ धरतं. एकदा पारोळ्याजवळ बांधावर मी नुसतं पाणीच फवारत होतो, तर शेतमालक आजोबा येऊन उभे राहिले: "भाऊ, पानी शिंपडीसन काय फोटो काढस?" फोटो दाखवल्यावर खूश झाले. पण परवानगी आधी मागायला हवी होती, हे त्यांनी न बोलता कळवलं.

९. थेंबाच्या आत फूल दिसतं, ते कसं करतात? माझं फूल उलटं येतं.

थेंब भिंग आहे, त्यामुळे मागची वस्तू त्यात उलटीच दिसणार. झेंडू, शेवंती, सूर्यफूल समोर तोंड करून ठेवलं तर उलटसुलट काही कळत नाही. वस्तूला वर-खाली असेल, म्हणजे पितळी तांब्या किंवा देवळाचा कळस, तर वस्तूच उलटी टांगा किंवा संपूर्ण फोटो नंतर फिरवा. दुसरा उपाय करणार असाल तर लोंबता थेंब वर चढलेला दिसेल, याची तयारी ठेवा.

अंतर महत्त्वाचं. थेंब फार रुंद कोनातून बघतो. फूल हातभर मागे ठेवलं तर थेंबात ते मोहरीएवढं होतं. पाच ते आठ सेंटिमीटरपासून सुरुवात करा. आणि इथे एक अडचण येते जी कोणी सांगत नाही: ऊन मागून आहे, म्हणजे फुलाची तुमच्याकडची बाजू सावलीत आहे, आणि थेंबाला तीच दिसते. म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूने फुलावर उजेड परत फेकावा लागतो. पांढरं कार्डशीट चालतं. स्टीलचं ताट कडक उजेड देतं, पितळी परात उबदार. झेंडूला परात, पांढऱ्या शेवंतीला कार्डशीट, असा माझा हिशेब.

१०. थेंबातलं फूल स्पष्ट आलं की थेंबाची कड धूसर होते. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठणठणीत आहे. थेंबात दिसणारं चित्र मुळात थेंबाच्या आत नसतंच. गोल थेंबाच्या बाबतीत ते पुढच्या पृष्ठभागाच्याही अलीकडे, कॅमेऱ्याच्या बाजूला, जवळपास थेंबाच्या त्रिज्येइतक्या अंतरावर हवेत तयार होतं. ४ मिलिमीटर व्यासाचा थेंब धरा: चित्र पृष्ठभागाच्या २ मिलिमीटर अलीकडे, आणि थेंबाची कड त्याच्या मध्यातून, म्हणजे चित्रापासून ४ मिलिमीटर मागे. एकास एक आकारात (म्हणजे सेन्सरवर थेंब खऱ्या मापाएवढाच पडतो तेव्हा) एफ ८ ला (एफचा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान होतं) फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलिमीटर. दोन्ही कसं बसणार?

मागे या. निम्म्या आकारावर आलात तर तीच खोली जवळपास तिप्पट होते. त्यात एफ ११ ठेवलंत तर चित्र आणि कड दोन्ही सावरतात, नंतर फोटो कापून मोठा करा. वारा अजिबात नसेल तर फोकस थोडा-थोडा सरकवत सात-आठ फोटो घेऊन संगणकावर जोडता येतात. उघड्यावर वारा इतका वेळ थांबत नाही, म्हणून मी सहसा मागेच येतो. लहान सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर आकडे बदलतात, उपाय बदलत नाही.

आणि निवड करायचीच झाली तर चित्र स्पष्ट ठेवा. धूसर कड डोळा माफ करतो.

११. फोटो एकतर सगळा पांढरट येतो, नाहीतर पान काळंकुट्ट. उजेड किती ठेवू?

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पांढरटपणा म्हणजे ऊन थेट लेन्सच्या काचेवर पडतंय. हूड (लेन्सच्या तोंडावरची कडी) लावा आणि वर टोपी किंवा तळहात असा धरा की त्याची सावली लेन्सवर पडेल पण चौकटीत येणार नाही. बाजूला कुणी पोरगं असेल तर त्याच्या हातात छत्री द्या.

काळेपणा हा मोजमापाचा घोटाळा. मागे उजळ आकाश असेल तर कॅमेरा सगळं दाबतो, तेव्हा उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा. मागे अंधार असेल (प्रश्न १ ऐकला असेल तर असेलच) तर तो उलट वाढवतो आणि थेंबातली चमक जळून जाते, तेव्हा एक ते दीड स्टॉप कमी करा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. अंधार नंतर थोडा उचलता येतो, जळालेला पांढरा ठिपका परत येत नाही. सूर्याचा इवलासा ठिपका जळणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

१२. थेंबात चांदणीसारखे किरण कसे येतात?

लेन्सचं छिद्र लहान करून, एफ १६ च्या आसपास. छिद्राची पाती सम संख्येत असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट: सात पात्यांच्या लेन्सला चौदा. मोबाईलच्या बहुतेक लेन्सचं छिद्र बदलत नाही, त्यामुळे तिथे असे किरण मिळत नाहीत. एका फोटोत एक-दोन चांदण्या पुरेत, वीस झाल्या की दिवाळीचा फलक वाटतो.

१३. दवात इंद्रधनुष्याचे रंग डोळ्यांना दिसले, पण सूर्यासमोर उभा राहून काढले तर नुसते पांढरे. का?

हाच अपवाद, जिथे प्रश्न १ मधलं सगळं उलटं करायचं. इंद्रधनुष्याचे रंग उजेड थेंबात शिरून, आतून परतून तुमच्याकडे येतो तेव्हा दिसतात. म्हणजे सूर्य पाठीशी हवा, आणि तुमच्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर बघायला हवं. गोल थेंबांचं हे गणित, पानावरचे वेडेवाकडे थेंब इतर कोनांतही मधूनच रंग दाखवतात. डोकं सावकाश डावी-उजवीकडे हलवा, एक थेंब लाल-निळा होत जाताना सापडेल. मग फोकस मुद्दाम थोडा हुकवा, रंगाचा ठिपका मोठा होतो.

१४. तांब्यात थंड पाणी भरून बाहेर ठेवला, पण बाहेरून घाम येत नाही.

मे महिन्यात ना? माठातलं पाणी आपल्या उन्हाळी हवेत घाम आणण्याइतकं थंड नसतं. हवा इतकी कोरडी की भांडं बारा-तेरा अंशांखाली गेल्याशिवाय बाष्प जमत नाही. तांब्यात बर्फ आणि पाणी घाला, सावलीत दहा मिनिटं ठेवा, मग उन्हात आणा. पावसाळ्यात हाच तांब्या साध्या फ्रिजच्या पाण्यानेही निथळतो. घाईत असाल तर फवारा मारा, पण त्याचे थेंब एकसारखे येतात. खऱ्या घामात लहान-मोठे थेंब आणि मधूनच घसरलेली एखादी रेघ असते.

१५. ठिबकच्या नळीतून पडणारा थेंब हवेत पकडायचा आहे.

४ लिटर प्रति तासाचा ड्रिपर सेकंदाला वीसेक थेंब टाकतो, डोळ्याला ती धारच. कमी क्षमतेचा ड्रिपर किंवा मोटार बंद झाल्यानंतरची ठिपक शोधा. दहा सेंटिमीटर पडल्यावर थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर असतो. १/२००० शटरलाही तो पाऊण मिलिमीटर सरकतो, म्हणजे कड किंचित ओघळणारच. नळीच्या अगदी जवळ, सुटतासुटता पकडा, तिथे वेग कमी असतो.

१६. हरभऱ्याच्या शेतात फोटो काढले, लेन्सवर डाग पडले आणि हाताला चुणचुण झाली.

ती आंब. हरभऱ्याची पानं मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर टाकतात आणि सकाळचं दव ते विरघळवून घेतं. पहाटे फडकं पसरून ती आंब गोळा करायची जुनी पद्धत आहे. लेन्सला फिल्टर लावून जा, हात साध्या पाण्याने धुवा. थेंब मात्र सुंदर असतात, पानांच्या लवेवर अधांतरी बसल्यासारखे.

कपाशीत, मिरचीत किंवा भाजीपाल्यात जाताना वेगळी काळजी घ्या. आदल्या दिवशी फवारणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय शिरू नका.

१७. सूर्याकडे कॅमेरा रोखल्याने काही बिघडतं का?

डोळा बिघडू शकतो. आरशाच्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे बघू नका, विशेषतः लांब लेन्सने. पडद्यावर बघून चौकट लावा. मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा स्टँडवर सूर्याकडे तोंड करून ठेवून चहाला जाऊ नका, लेन्सचं झाकण लावा. सूर्य चौकटीबाहेर ठेवला तर यातलं बरंचसं आपोआप टळतं.

१८. स्वतः टाकलेल्या थेंबाचा फोटो स्पर्धेत 'निसर्ग' विभागात चालेल?

स्थिरचित्रात चालेल, तिथे सगळं मांडलेलंच असतं. 'निसर्ग' विभागात देऊ नका. जाणकार परीक्षक ओळखतो: दव पानाच्या दोन्ही बाजूंना आणि शेजारच्या काडीवरही असतं, फवारा फक्त समोरून बसतो.

१९. केळीत काढलेल्या फोटोंनंतर शर्टवर तपकिरी डाग पडले. कशाने जातील?

केळीचा चीक. वाळला की जात नाही. थेंब अडतो म्हणून मोडलेलं पान बाजूला सारलंत की तो लागतोच. केळीत मी एकच जुना शर्ट घालून जातो, आता तो मूळचा कोणत्या रंगाचा होता हे घरातही कोणाला आठवत नाही.